टॅपेट कव्हरची गळती परत परत येते? गॅस्केट बदलण्याआधी कव्हर पाण्यात तोला

रत्नागिरीच्या एका गॅरेजवाल्या मित्रांनी पावसाळा संपता संपता एक टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण, माझ्या मशीन शॉपमध्ये कोल्हापूरला पाठवलं. जुन्या जर्मन गाडीचं, सहा सिलिंडरचं, लांबलचक. सोबत चिठ्ठी होती : ‘दोन वर्षांत तीन गॅस्केट (झाकणाखालची सीलपट्टी) झाले. महिना-दोन महिने कोरडं राहतं, मग मागच्या कोपऱ्यातून तेल सुरू. फेस मारून द्या.’ म्हणजे बसायची कड मशीनवर सपाट करून द्या.

पोत्यातून काढताना कव्हर एका हाताने उचललं आणि हात जरा जास्तच वर गेला. आकाराच्या मानाने वजनच नव्हतं. उजेडात धरलं तर बोल्टच्या भोकांभोवती, भिंतीला लोणा धरतो तशी पांढरी भुकटी. खिळ्याच्या टोकाने खरवडली तर खालचा धातू पापुद्र्यासारखा सुटला आणि काडेपेटीतल्या काडीचं गुल मावेल एवढा खड्डा उघडा पडला. असे खड्डे मोजून सात. पिशवीत आलेले बोल्ट मात्र नवेकोरे, एसएसचे, म्हणजे स्टेनलेस स्टीलचे, ॲलन बोल्ट. जुने गंजले म्हणून कोणीतरी चांगल्या मनाने हार्डवेअरच्या दुकानातून आणून घातलेले.

गळतीचं कारण त्या बोल्टांमध्येच होतं. कव्हर ॲल्युमिनियमचं नव्हतं, मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं होतं.

हे लिहायचं कारण एवढंच, की असे जॉब आता वरचेवर येतात आणि बहुतेक वेळा ‘अलॉय आहे’ एवढंच सांगून येतात. अलॉय म्हणजे ॲल्युमिनियम, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. गंमत म्हणजे मोटारसायकलच्या ज्या चाकांना आपण ‘मॅग व्हील’ म्हणतो ती जवळपास सगळी ॲल्युमिनियमची असतात, आणि ज्या कव्हरला बिनधास्त ॲल्युमिनियम म्हणतो ते कधी कधी मॅग्नेशियमचं निघतं. नाव चुकलं की बोल्ट चुकतो, धुण्याचं केमिकल चुकतं, आणि मशीनवर घेतलं तर आगीशी गाठ पडते.

लक्षणं ओळखीची आहेत. गॅस्केट नवीन असूनही गळती त्याच कोपऱ्यातून परत येते. एम६चा, म्हणजे सहा मिलिमीटरचा, बोल्ट नेहमीच्या हाताने आवळला तरी आटा निघून येतो. बोल्टच्या डोक्याखाली, वॉशरभोवती पांढरी पूड धरते. पूड एकटी पुरावा नाही, कारण ॲल्युमिनियमलाही पांढरंच येतं. पण मॅग्नेशियमचा खड्डा बोल्टला चिकटून, त्याच्याभोवती रिंगणासारखा पडतो आणि लांबचा पत्रा तसाच धड राहतो. ही खूण पाहिली की मी पुढचं काम थांबवतो आणि काटा काढतो.

पाण्यातला काटा

मॅग्नेशियमच्या ओतीव मिश्रधातूची घनता साधारण १.८, ॲल्युमिनियमची २.७, जस्ताच्या डायकास्टिंगची ६.६ च्या पुढे. म्हणजे भाग कितीही वेडावाकडा असला तरी त्याची जात पाण्यात कळते. प्रवासाच्या बॅगा तोलायचा लटकता डिजिटल काटा, सुतळी आणि भाग पूर्ण बुडेल एवढं टब, बस. आधी भाग कोरडा लटकवून वजन घ्या. मग तसाच लटकता ठेवून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला आणि कडेला टेकू देऊ नका, आणि परत वजन वाचा.

पाण्यातलं वजन कोरड्या वजनाच्या निम्म्याहून कमी आलं तर मॅग्नेशियम. निम्म्याहून चांगलंच जास्त राहिलं तर ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियमचं साधारण ६३ टक्के उरतं, मॅग्नेशियमचं ४५ टक्के. मधे एवढं अंतर आहे की काटा पाच-पंचवीस ग्रॅम इकडेतिकडे झाला तरी निकाल बदलत नाही.

रत्नागिरीचं कव्हर कोरडं २ किलो ८९६ ग्रॅम भरलं. पाण्यात १ किलो २९६. फरक १ किलो ६०० ग्रॅम, म्हणजे कव्हरने तेवढं पाणी बाजूला सारलं. २८९६ ला १६०० ने भागलं की १.८१. हेच कव्हर ॲल्युमिनियमचं असतं तर सव्वाचार किलोच्या पुढे गेलं असतं.

तोलण्याआधी बोल्ट, लोखंडी डॉवेल (जागा धरणाऱ्या पिना), बेअरिंग, रबरी सील काढा. बरगड्यांच्या खाचांत हवा अडकते, म्हणून बुडवल्यावर भाग दोन-तीन वेळा हलवून बुडबुडे जाऊ द्या. काम झालं की लगेच पुसून, हवेने सुकवून, हलकं तेल लावून ठेवा. ओला मॅग्नेशियम भाग रात्रभर लोखंडी टेबलावर ठेवू नका.

जिथे दोन धातू एकत्र ओतलेत तिथे मात्र हा काटा फसवतो. बीएमडब्ल्यूचं २००४ साली आलेलं एन५२ इंजिन घ्या : त्याच्या क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्यात, सिलिंडर आणि पाण्याच्या वाटांसाठी आतला गाभा ॲल्युमिनियमचा आहे आणि त्याभोवती मॅग्नेशियम ओतलंय. अशा भागाचा आकडा मधेच कुठेतरी येतो. तिथे गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल उघडावंच लागतं.

दुसरी खात्री व्हिनेगरची. आतल्या बाजूला, न दिसणारी आणि सीलच्या वाटेत न येणारी जागा शोधून हाताच्या कानशीने नखाएवढी स्वच्छ करा. ग्राइंडरने नाही, हातानेच. पडलेला कीस कागदावर घ्या. त्या उघड्या धातूवर स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या व्हिनेगरचा एक थेंब टाका. मॅग्नेशियम असेल तर सोड्याच्या बाटलीसारखे बारीक बुडबुडे लगेच उठतात आणि थेंबाखालची जागा करडी पडते. ॲल्युमिनियमवर थेंब नुसता बसून राहतो. मग पाण्याने धुवून, सुकवून, तेल लावायचं.

नशीब चांगलं असेल तर यातलं काही करावंच लागत नाही. कव्हर उलटं करा आणि ओतीव अक्षरं शोधा. ‘एझेड९१’, ‘एएम६०’, ‘एमजीएएल९झेडएन१’ असं रोमन अक्षरांत काही दिसलं तर तो मॅग्नेशियमच आहे. रंगावर मात्र जाऊ नका. जुन्या भागांवर सोनेरी, तपकिरी किंवा हिरवट काळा लेप असतो, पण नव्यांवर असेलच असं नाही. आणि तो जुना लेप बहुतेक वेळा क्रोमेटचा असतो. क्रोमेटची धूळ फुफ्फुसाला घातक आहे, म्हणून तो पॉलिश पेपरने कोरडा घासू नका, मास्क आणि हातमोजे घाला.

पुढची शंका कुठल्या भागांवर घ्यायची? टॅपेट कव्हर, चेन कव्हर, गिअरबॉक्सचं आवरण, ट्रान्सफर केस, काही मोटारसायकलींची क्लच आणि मॅग्नेटची झाकणं. फोक्सवॅगन बीटलच्या हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची क्रँककेस मॅग्नेशियमची आहे. पोर्शे ९११ च्या १९६८ पासूनच्या आणि १९७० च्या दशकातल्या बऱ्याच क्रँककेसही तशाच. मर्सिडीजच्या २००३ साली आलेल्या सात गिअरच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं आवरणही मॅग्नेशियमचं. पुण्या-मुंबईत आणि गोव्यात जुन्या गाड्या जपणारे लोक आहेत, त्यांचे जॉब कुणाच्याही शॉपमध्ये येऊ शकतात. आणि कोकणात झाडतोडीला वापरतात त्या चेन सॉ मशीनची बॉडीही पुष्कळदा मॅग्नेशियमची असते, हे शेतीची यंत्रं दुरुस्त करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

एसएसचा बोल्ट काय करतो

यंत्रांच्या भागांत वापरल्या जाणाऱ्या धातूंमध्ये मॅग्नेशियम सगळ्यात लवकर झिजायला तयार असतो. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मधे खारट ओल आली की छोटी बॅटरीच तयार होते, आणि त्या बॅटरीत खाल्ला जाणारा धातू कायम मॅग्नेशियमच. जहाजाच्या सांगाड्याला जस्ताचे ठोकळे लावतात, की त्यांनी झिजावं आणि लोखंड वाचावं. इथे तुमचं कव्हरच तो ठोकळा होतं. बोल्ट वाचतो, कव्हर जातं.

लोखंडाशी त्याचं किती वाकडं आहे याचा अंदाज घ्या : एझेड९१डी या सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या मिश्रधातूत लोखंडाचं प्रमाण ०.००५ टक्क्याच्या आत ठेवावं लागतं, नाहीतर तो मिठाच्या पाण्यात भराभर सडतो. निकेलला तर त्याहूनही कमी जागा आहे. आणि एसएसच्या बोल्टात लोखंड, क्रोमियम आणि निकेल तिन्ही आहेत. रत्नागिरीची खारी हवा, पावसाळ्याचे चार महिने, आणि गाडी धुणारा पोरगा बॉनेट उघडून इंजिनवर पाइप मारतो. खड्डा पडायला अजून काय हवं?

म्हणून इंजिन बनवणारे अशा जागी ॲल्युमिनियमचे किंवा खास लेप दिलेले बोल्ट देतात. एन५२ मध्ये ॲल्युमिनियमचे बोल्ट आहेत, ते एकदा काढले की परत घालायचे नसतात, नवेच घ्यायचे आणि मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढा टॉर्क (आवळायचा जोर) आणि त्यानंतर तिथेच सांगितलेला कोन एवढंच फिरवायचं. महाग पडतात म्हणून गिऱ्हाईक कुरकुर करतं. त्यांना हे सडलेलं कव्हर दाखवा.

तांब्याचा वॉशर आणि तांब्याची पूड असलेलं अँटी-सीझ (आटा जाम होऊ न देणारं) ग्रीसही इथे नको. लोखंडी इंजिनावर ज्याने आटा वाचतो त्यानेच इथे आटा जातो.

धुताना उलटं गणित

हे मी ठळक सांगतो कारण इथे अनुभवी माणसंही चुकतात. आपल्याकडे नियम पाठ आहे : कॉस्टिक सोड्याच्या टाकीत लोखंड टाका, ॲल्युमिनियम कधीच नाही, ते काळं पडून विरघळतं. ॲल्युमिनियमला उजळायला ॲसिडचा क्लीनर. मॅग्नेशियम या दोन्ही बाबतीत उलटं वागतं. कॉस्टिकला ते बऱ्यापैकी दाद देत नाही, पण ॲसिडमध्ये फसफसून झिजतं. ‘अलॉय क्लीनर’ म्हणून मिळणाऱ्या डब्यांत पुष्कळदा फॉस्फोरिक किंवा त्याहून कडक ॲसिड असतं. त्यात मॅग्नेशियमचं कव्हर पंधरा मिनिटं बुडवलं की सीलची कड गेलीच. आणि उठणारा वायू हायड्रोजन आहे, त्या टाकीशेजारी वेल्डिंग चालू नसावं.

मी रॉकेल किंवा डिझेलमध्ये, नायलॉनच्या ब्रशने धुतो. तारेचा लोखंडी ब्रश नाही, कारण त्याचे कण धातूत रुतून बसतात आणि प्रत्येक कण नवा खड्डा सुरू करतो. सँड ब्लास्टिंगच्या कॅबिनेटमध्येही घालत नाही. एक तर मॅग्नेशियमची बारीक धूळ, त्यात आधीच्या लोखंडी जॉबांचा गंज, हे मिश्रण मला माझ्या छपराखाली नको आहे.

मशीनवर घेताना

अखंड कव्हर काडी लावून पेटत नाही. धातू उष्णता पटकन पसरवतो, आणि वितळायला लागल्याशिवाय मोठा तुकडा आग धरत नाही. धोका कीसाचा आहे, आणि कीस जितका बारीक तितका मोठा.

आमच्याकडे एकदा पेटलं आहे. मी तेव्हा हाताखालची पोरं शिकवत होतो. बोल्टचं भोक मोठं करायचं काम, आणि ड्रिल बोथट झालेलं. बोथट ड्रिल कापत नव्हतं, नुसतं घासत होतं, आणि दळलेल्या पिठासारखा कीस भोकाच्या तोंडाशी साठत होता. क्षणात तिथे एक पांढरा ठिपका दिसला, वेल्डिंगच्या आर्कसारखा, बघवेना असा. मग तो ठिपका साठलेल्या कीसावरून सरकत गेला, ना भडका, ना आवाज. पोरगा धावत पाण्याच्या बादलीकडे. आमचे जुने लेथवाले मामा ओरडले, “पाणी नको! हात लावू नको त्याला!” आणि त्यांनी शेजारच्या घमेल्यातला बिडाचा कोरडा कीस त्याच्यावर ओतला. आणखी एक घमेलं. उजेड गेला. आम्ही दोन तास त्याला हात लावला नाही. नंतर उकरून बघितलं तर खाली पांढरी राख, आणि मशीनच्या टेबलावर रुपयाएवढा भाजलेला डाग.

ती बादली ओतली गेली असती तर? पेटलेलं मॅग्नेशियम पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतं आणि हायड्रोजन मोकळा करतं. आग विझायच्या ऐवजी उसळते आणि जळते थेंब चौफेर उडतात. ११ जून १९५५ ला फ्रान्समध्ये ल मान्सच्या शर्यतीत मर्सिडीज ३०० एसएलआर प्रेक्षकांत घुसली, त्या गाडीची बॉडी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची होती. तिथे मारलेल्या पाण्याने आग आणखी भडकली. ८० हून अधिक माणसं त्या अपघातात गेली. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडरही कामाचा नाही, मॅग्नेशियम त्या वायूतसुद्धा जळतं. गॅरेजमध्ये टांगलेला नेहमीचा एबीसी पावडरचा सिलिंडर या आगीसाठी नाही, आणि त्याचा झोत जळता कीस उडवून आग पसरवतो. यासाठी डी क्लासचा, म्हणजे धातूच्या आगीचा सिलिंडर लागतो. तो नसेल तर पूर्ण कोरडी वाळू किंवा बिडाचा कोरडा, गंज न चढलेला कीस, फावड्याने हळूच, वरून झाकत टाकायचा.

कोल्हापूरवाल्यांना एक वेगळं सांगणं. आपल्याकडे फौंड्रीची वाळू हाताशी असते, पण साच्याची वाळू ओली असते, पाणी घालूनच मळलेली असते. ती या आगीवर टाकणं म्हणजे पाणी टाकणंच. नदीची वाळू पत्र्यावर भाजून, थंड करून, झाकणाच्या डब्यात भरून ठेवा, आणि डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहा की ती कशासाठी आहे, म्हणजे कोणी प्लास्टरला उचलून नेणार नाही.

आग आवरत नसेल तर सगळ्यांना बाहेर काढा आणि अग्निशमन दलाला फोनवरच पहिल्या वाक्यात ‘मॅग्नेशियम आहे’ असं सांगा.

पेटू नये म्हणून काय करायचं ते फार नाही. टूल धारदार, शक्यतो नवं. फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) भरपूर ठेवा, जाड कीस निघू द्या. फिरतं टूल जॉबवर टेकवून थांबवू नका. पाण्यात मिसळायचं पांढरं कूलंट बंद करा, कोरडं चालवा किंवा खनिज तेल थेंबाथेंबाने द्या. प्रत्येक पासनंतर कीस ब्रशने गोळा करा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका आणि घरगुती व्हॅक्यूमने ओढू नका, कारण हवेत उडालेली धूळ स्फोटासारखी पेटते. ज्या ग्राइंडरवर लोखंड घासलंय त्यावर मॅग्नेशियम कधीच नाही, दगडात अडकलेल्या लोखंडाची एक ठिणगी पुरते. कामाआधी मशीनचा ट्रे झाडून घ्या, म्हणजे जुना गंज आणि नवा कीस एकत्र येणार नाहीत. सुती कपडे, बंद बूट, चष्मा. आणि मशीन सोडून चहाला जायचं नाही.

गॅसने वेल्डिंग करायला कोणी सांगितलं तर नाही म्हणा. मॅग्नेशियम टिग वेल्डिंगने, एसी करंटवर, आर्गॉनमध्ये, मॅग्नेशियमच्याच फिलरने जोडता येतं, पण तेल मुरलेल्या जुन्या कव्हरवर ते रोज करणाऱ्याचंच काम आहे. मी ते बाहेर देतो.

रत्नागिरीच्या कव्हरचं काय केलं

खड्डे धड धातूपर्यंत कोरून काढले. फेस कटरने दोन पास, मिळून पाव मिलिमीटर, सगळीकडे चकाकी येईपर्यंत. गेलेल्या सात आट्यांना ॲल्युमिनियमचे बुश (पोकळ नळ्या) लेथवर टर्न केले, बाहेरून आटा पाडून, ओल्या इपॉक्सी प्रायमरमध्ये बुडवून बसवले आणि रात्रभर सुकू दिले. तारेचा तयार इन्सर्टही चालतो, पण तो एसएसचा असतो, म्हणून तोही ओल्या प्रायमरमध्येच बसवायचा, कोरडा नाही. मग सीलची कड सोडून सगळीकडे इपॉक्सी प्रायमर आणि रंगाचे दोन हात. बोल्ट मूळ नंबरचे, कंपनीचे मागवले. बोल्टच्या डोक्याखाली ॲल्युमिनियमचा वॉशर, बोल्टपेक्षा रुंद, म्हणजे साचलेलं पाणी लोखंडापासून मॅग्नेशियमपर्यंत पूल बांधत नाही. टॉर्क रेंचने, मधून बाहेर, मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढाच. अशा एम६ ला तो बहुधा ८ ते १० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, आणि मनगटाच्या सवयीने आपण त्याच्या दुप्पट लावतो.

निघालेला कीस कोरडा, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, शेडच्या बाहेर, पावसापासून आडोशाला ठेवला. ओल्या कीसातून हायड्रोजन सुटत राहतो, म्हणून झाकण हवाबंद आवळायचं नाही. भंगारवाल्या दादांना तो वेगळा दिला आणि तोंडाने नीट सांगितलं, की हा ॲल्युमिनियमच्या ढिगात टाकू नका. त्यांच्याकडून तो वितळवणाऱ्या भट्टीवर जातो आणि तिथे भट्टीशी उभा असलेल्या माणसाला काहीच माहीत नसतं.

कव्हर परत पाठवताना आतल्या बाजूला पेंटच्या पेनने लिहिलं : ‘मॅग्नेशियम. एसएस बोल्ट नको. ॲसिड नको.’ पुढचा पावसाळा जाऊन दिवाळीला त्यांचा फोन आला. मागचा कोपरा कोरडा होता, आणि त्यांच्याकडे अजून एक हलकं कव्हर आलं होतं. ते त्यांनी आधीच बादलीत तोलून बघितलं होतं.